राफाएलच्या शोधात विंडसरची पत्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकलेचे विद्यार्थी, जुन्या छापील चित्रांचे शौकीन आणि इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यातल्या राफाएल संग्रहाचं संकेतस्थळ चाळताना गोंधळून गेलेली मंडळी यांच्याकडून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विंडसरचा 'राफाएल संग्रह' म्हणजे ब्रिटिश राजघराण्याकडे असलेली राफाएलची चित्रं ना?

नाही. बहुतेकांची गल्लत इथेच होते. महाराणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५३ च्या सुमारास या संग्रहाला हात घातला. राफाएल या इटालियन चित्रकाराचं म्हणून जे जे काही जगात आहे, त्या प्रत्येकाची प्रतिमा एका जागी आणायची, हा बेत होता. त्यासाठी विंडसरहून युरोपभरच्या संग्रहांना आणि मालकांना पत्रं जात. प्रतिमा म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, शिळाछाप आणि तेव्हा नुकतीच बाळसं धरू लागलेली छायाचित्रं. असे पाच हजारांवर नग जमले आणि मोठमोठ्या पुठ्ठ्याच्या बस्त्यांत लावून ठेवले गेले.

राजघराण्याकडे राफाएलच्या हातच्या वस्तूही होत्या, पण तो हिशेब वेगळा. विंडसरच्या किल्ल्यात त्याची रेखाटनं होती आणि हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात सात प्रचंड 'कार्टून'. सिस्टिन चॅपेलसाठी भिंतीवर टांगायचे विणीव पडदे करायचे होते, त्यांचे हे रंगीत पूर्णाकृती आराखडे. पोप दहावा लिओ याने १५१५ च्या सुमारास ते राफाएलकडून करवून घेतले. पुढे इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने, तेव्हा तो युवराज होता, १६२३ मध्ये ते विकत घेतले.

२. पण राफाएलच का? लिओनार्दो किंवा मायकेलअँजेलो का नाही?

आज असं विचारावंसं वाटतं, कारण आपल्याकडे लिओनार्दोचा बोलबाला जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपात राफाएल हाच चित्रकारांचा शिरोमणी मानला जायचा. जर्मनीत वाढलेल्या अल्बर्टच्या पिढीने हे मत घरातूनच घेतलेलं. १८३८-३९ च्या हिवाळ्यात, लग्नाआधी, तो इटलीत हिंडलाही होता.

त्याखेरीज एक व्यवहाराचं कारण होतं. राफाएल १४८३ ला जन्मला आणि १५२० ला, ऐन सदतिसाव्या वर्षी गेला. म्हणजे कारकीर्द आटोपशीर. पण त्या तेवढ्या काळात तैलचित्रं, भित्तिचित्रं, विणीव पडद्यांचे आराखडे, वास्तुकला, रेखाटनांचे ढीग असं सगळं आलं. शिवाय त्याच्या हयातीतच त्याच्या रचना छापून विकल्या जाऊ लागल्या होत्या. एका माणसाचं सगळं काम पद्धतशीर मांडता येतं का, हे अजमावायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. असाच संग्रह इतर चित्रकारांचाही कोणीतरी करावा, ही अपेक्षा त्यामागे होतीच.

३. ही पत्रं खुद्द अल्बर्ट लिहायचे का?

नाव त्यांचं, कल्पना त्यांची, पण रोजची लिखापढी ग्रंथपालांची. आधी डॉ. एर्न्स्ट बेकर आणि १८५९ पासून कार्ल रुलांड. दोघेही जर्मन. बेकर स्वतः हौशी छायाचित्रकार होता आणि १८५३ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या छायाचित्रण संस्थेच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. काचेची निगेटिव्ह म्हणजे काय, ती कुठे दगा देते, हे ठाऊक असलेला माणूस पत्रं लिहायला होता, ही संग्रहाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. तिसरं नाव लुडविग ग्रूनर या कोरीवकाराचं. कलेच्या बाबतीत अल्बर्टचा तो सल्लागार, आणि इटलीचा चांगला माहीतगार.

४. कुठलं चित्र कुठे आहे, हे त्यांना कळायचं कसं? तेव्हा सूची तरी होती का?

एक होती, आणि भरवशाची होती. फ्रँकफर्टचा योहान डेव्हिड पासावां याने राफाएलवर मोठा ग्रंथ लिहिला. पहिले खंड १८३९ ला आले, पुरवणीचा खंड १८५८ ला. त्यात कामांची यादी होती. विंडसरकरांनी तीच पायाला धरली.

तरी यादी हातात असणं आणि वस्तू सापडणं यात अंतर असतं. पासावांने एखादी गोष्ट पाहिली आणि नोंदवली, त्यानंतर मालक मेला, वारसांनी लिलाव केला, व्यापाऱ्याने घेतली, पुढे कोणाला विकली? इथून पत्रांचा सिलसिला सुरू व्हायचा. तैलचित्राचा माग त्या मानाने सोपा, कारण ते भिंतीवर असतं आणि चार लोक बघतात. रेखाटनं कागदावरची, बस्त्यात बांधलेली, एका सहीनिशी दुसऱ्या देशात जाणारी.

सर थॉमस लॉरेन्स या इंग्रज चित्रकाराची गोष्ट यासाठी माहीत असावी. जुन्या उस्तादांच्या रेखाटनांचा त्याचा साठा अफाट होता. १८३० ला तो वारला. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं की हा साठा अठरा हजार पौंडांना आधी राजाला देऊ करावा. राजाने घेतला नाही. ब्रिटिश म्युझियमलाही तो परवडला नाही. शेवटी सॅम्युअल वुडबर्न या व्यापाऱ्याकडे गेला आणि तिथून फुटला. काही भाग नेदरलँड्सचा राजा दुसरा विल्यम याच्याकडे गेला, आणि त्याच्यामागे १८५० मध्ये हेगला त्याचा लिलाव झाला. राफाएल आणि मायकेलअँजेलोची पुष्कळ रेखाटनं ऑक्सफर्ड विद्यापीठाने १८४० च्या दशकात वर्गणी काढून घेतली. जो साठा इंग्लंडच्या राजघराण्याला एकरकमी मिळत होता, त्याचाच माग पुढे त्याच घराण्यातल्या अल्बर्टच्या माणसांना गावोगावी काढावा लागला! कंजुषीचा हिशेब फार उशिरा लागतो तो असा.

सगळाच माल असा फुटला नव्हता. रोममध्ये राहिलेल्या जाँ-बातिस्त विकार या फ्रेंच चित्रकाराने आपली रेखाटनं १८३४ मध्ये मूळ गावाला, लीलला देऊन टाकली. तिथे एका पत्रात काम भागण्यासारखं होतं.

५. एवढ्या प्रतिमा जमवून नक्की काय साधलं? एखादं उदाहरण द्या.

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांबेल.

'निष्पापांची कत्तल' ही राफाएलची रचना घ्या. बायबलमधल्या हेरोद राजाचे सैनिक बेथलेहेममधली लहान मुलं मारताहेत, आया आकांत करताहेत. ही रचना मार्कांतोनियो रायमोंदी या कोरीवकाराने छापली आणि तिच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीत उजव्या बाजूला वर छोटंसं सूचिपर्णी झाड आहे, दुसरीत नाही. राफाएलने यासाठी केलेली रेखाटनंही उरली आहेत. शाईचं एक ब्रिटिश म्युझियममध्ये, लाल खडूचं एक विंडसरला.

आता जवळून बघा. शाईच्या कागदावर आकृत्यांच्या रेषांवरून सुईने बारीक भोकं पाडली आहेत. अशा कागदाखाली कोरा कागद ठेवायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटायची, म्हणजे खालच्या कागदावर ठिपक्यांची रेषा उमटते. रांगोळीचा भोकांचा कागद वापरलेल्यांना हे सांगायला नको. विंडसरच्या लाल खडूखाली तसे काळे ठिपके दिसतात. म्हणजे शाईच्या रेखाटनावरून ठिपके उतरवून घेतले, त्यावर पुन्हा खडूने विचार केला आणि मग छाप आला. एक कागद एका संस्थेत, दुसरा दुसरीकडे, छाप तिसरीकडेच. तिन्हींच्या प्रतिमा एका बस्त्यात शेजारी ठेवल्या की हा क्रम डोळ्यांसमोर उभा राहतो.

संग्रहाची मांडणीही याच बेताची होती. एक विषय घ्यायचा, त्याची पहिली चाचपणी, पुढची रेखाटनं, पूर्ण चित्र, त्यातले तपशील, मग इतरांनी केलेल्या नकला आणि छाप, सगळं एकाखाली एक. आज आपण पडद्यावर दोन खिडक्या शेजारी लावून हेच करतो. १८५० च्या दशकात त्यासाठी व्हिएन्ना ते लील प्रवास करावा लागे, आणि तोवर पहिलं रेखाटन नीट आठवत नसे.

६. परक्या देशातले मालक आपल्या वस्तूचे फोटो का देतील? पैसे मोजले का?

छापील चित्रं बाजारात मिळत, ती विकत घेतली. छायाचित्रांसाठी पैसा लागलाच. फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि व्हिएन्नातली राफाएलची रेखाटनं अल्बर्टसाठी फ्लॉरेन्सच्या अलिनारी बंधूंनी टिपली. पण खरी किल्ली देवाणघेवाणीत होती. विंडसरच्या रेखाटनांचे फोटो काढवून घेतले आणि ते इतर संग्रहांना पाठवले. आमचं हे घ्या, तुमचं तसंच द्या. राजवाड्यातून आलेल्या पत्राला एरवीही उत्तर मिळालं असतं, यात शंका नाही. पण हाती भेट ठेवून मागणं आणि नुसत्या रुबाबावर मागणं यात फरक आहे, आणि माझ्या मते हा संग्रह झाला तो पहिल्यामुळे.

१८५७ ला मँचेस्टरला भरलेलं कलासंपत्तीचं प्रदर्शनही लक्षात घ्या. खाजगी हवेल्यांतली शेकडो चित्रं तिथे पहिल्यांदाच लोकांपुढे आली आणि काल्देसी व मोंतेक्की यांनी त्यांतल्या निवडक कामांचे फोटो काढले. या प्रदर्शनाच्या तयारीत अल्बर्टने १८५६ मध्ये आयोजकांपैकी लॉर्ड एल्झमिअरना पत्र लिहून सुचवलं होतं की नुसती सुंदर चित्रं टांगू नका, कलेचा इतिहास दिसेल अशी लावा. राफाएल संग्रहामागचं डोकं हेच.

७. त्या काळच्या काळ्यापांढऱ्या फोटोवर कितपत विसंबता येतं?

रेखाटन असेल तर बऱ्यापैकी. रंगीत चित्र असेल तर जपून.

तेव्हा ओल्या कोलोडियनची पद्धत होती, १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेली. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं, ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. म्हणजे अंधारी खोली चित्राच्या शेजारीच हवी. शिवाय हे रसायन निळ्या प्रकाशाला भुलायचं आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळं. परिणाम असा की येशूच्या आईचा, मेरीचा, निळा झगा फोटोत फिका पडे आणि लाल अंगरखा काळाठिक्कर. त्यात जुन्या वार्निशचा पिवळेपणा आला की चेहरेही काळवंडत. म्हणून पुष्कळदा चित्राऐवजी त्याच्यावरून केलेल्या छापाचाच फोटो घेत. संग्रहातली एखादी प्रतिमा 'चित्राचा फोटो' आहे की 'छापाचा फोटो', हे आधी पाहा. चेहऱ्यावर कोरीवकाराच्या जाळीदार रेषा दिसल्या तर दुसरं.

भिंतीवरच्या कामाचं तर विचारूच नका. व्हॅटिकनमधल्या राफाएलच्या दालनांत उजेड बेताचा आणि कमानी अवघड. तिथे अठराव्या शतकातल्या जोव्हान्नी व्होल्पातोचे मोठे छापच अधिक कामाचे होते. कार्टूनांचा प्रश्न आकाराचा होता. साउथ केन्सिंग्टन म्युझियमचा छायाचित्रकार चार्ल्स थर्स्टन थॉम्पसन याने १८५८ मध्ये ती भल्यामोठ्या काचांवर टिपली.

८. मूळ चित्रच हरवलेलं असेल तर त्याला संग्रहात जागा होती का?

होती, आणि अशा ठिकाणी नकलांना सोन्याचं मोल येतं. मूळ नसेल तरी चार नकला आणि एक छाप यांवरून रचना कळते.

'लोरेतोची मदोन्ना' (मदोन्ना म्हणजे येशूची आई मेरी) हे याचं झणझणीत उदाहरण. निजलेलं बाळ जागं होतंय, आई त्याच्यावरचं तलम वस्त्र उचलतेय, मागे योसेफ. एकोणिसाव्या शतकात नकला पुष्कळ, मूळ बेपत्ता. त्याच काळात, १८५४ मध्ये, फ्रान्समधून हद्दपार झालेल्या द्युक द'ओमालने सासऱ्याचा, सालेर्नोच्या राजपुत्राचा, चित्रसंग्रह घेतला. त्यात या रचनेचं एक चित्र होतं, पण ते नक्कलच समजलं जात होतं. ओमाल तेव्हा राहायचा कुठे? लंडनजवळ ट्विकनॅमला, विंडसरपासून हाकेच्या नाही तरी घोडागाडीच्या अंतरावर. पुढे हे चित्र फ्रान्समधल्या शांतिलीच्या संग्रहालयात गेलं. १९७९ मध्ये सफाई करताना कोपऱ्यात १३३ हा आकडा निघाला. तो रोमच्या बोर्गेझे घराण्याच्या १६९३ च्या यादीशी जुळला आणि 'नक्कल' रातोरात मूळ ठरली.

उलटंही घडतं. क्रॅकोच्या चार्तोरिस्की संग्रहातलं राफाएलचं तरुणाचं व्यक्तिचित्र नाझींनी लुटलं आणि १९४५ पासून त्याचा पत्ता नाही. आज त्याच्या फक्त प्रतिमाच आहेत.

९. तेव्हा राफाएलचं मानलेलं आणि आता नसलेलं काम बरंच असेल ना?

हो, बरंच. विशेषतः रेखाटनांत, जिथे ज्युलिओ रोमानो आणि जानफ्रांचेस्को पेन्नी या शिष्यांचा हात आता ओळखला जातो. पण यासाठी संग्रहाला नावं ठेवू नका. वादाचा निकाल लावायला वादग्रस्त गोष्टही बस्त्यात असावी लागते.

वाद कसे पेटायचे त्याचा मासला: मॉरिस मूर नावाच्या इंग्रजाने १८५० मध्ये लंडनच्या लिलावात 'अपोलो आणि मार्सियस' हे छोटं चित्र घेतलं आणि ते राफाएलचंच, असं म्हणत उरलेलं आयुष्य युरोपभर भांडत घालवलं. १८८३ मध्ये लूव्रने ते राफाएलचं म्हणून घेतलंही. आज ते पेरुजिनोचं मानतात.

१०. जुन्या नोंदीत दिलेल्या जागी चित्र सापडत नाही. नोंद चुकीची आहे का?

बहुतेक वेळा नोंद बरोबर असते, चित्र हललेलं असतं. कधी चित्र जागीच असतं आणि देश बदललेला असतो. १८५० च्या दशकात व्हेनिस ऑस्ट्रियाकडे होतं, फ्लॉरेन्सला ग्रँड ड्यूक होता आणि रोमवर पोपचं राज्य. तेव्हा सरकारी परवानगीचं पत्र कोणाच्या नावे गेलं असेल, हे त्या वर्षावरून ठरवायचं.

नेहमी अडवणारी काही ठिकाणं सांगतो. व्हिएन्नातला 'आर्चड्यूकचा संग्रह' म्हणजे आजचं आल्बर्टिना. (या नावाचा आपल्या अल्बर्टशी संबंध नाही, ते साक्स-टेशेनच्या ड्यूक आल्बर्टवरून.) 'एस्टरहाझी' असेल तर बुडापेस्टला शोधा, हा संग्रह १८७० च्या सुमारास हंगेरी सरकारने घेतला. 'ब्रिजवॉटर गॅलरी, लंडन' इथली राफाएलची चित्रं आता एडिंबरोला. पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातली 'आल्बा मदोन्ना' सोव्हिएत सरकारने १९३१ मध्ये अँड्र्यू मेलन या अमेरिकन धनाढ्याला विकली, ती वॉशिंग्टनला आहे. उलट 'कोनेस्ताबिले मदोन्ना' तेव्हा पेरुजातल्या घराण्याकडे होती, आज हर्मिटाजला. आणि कार्टून हॅम्प्टन कोर्टला जाऊन शोधू नका, का ते ११ मध्ये.

११. अल्बर्ट १८६१ मध्ये वारले. मग काम थांबलं?

नाही. १४ डिसेंबर १८६१ ला अल्बर्ट गेले आणि काम त्यांचं स्मारक म्हणून व्हिक्टोरियाने पुढे चालू ठेवलं. १८६३ मध्ये बेकर आणि रुलांड यांनी लंडनच्या एका कलाविषयक त्रैमासिकात संग्रहाची ओळख करून दिली. १८६५ मध्ये राणीने सातही कार्टून साउथ केन्सिंग्टन म्युझियमला, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला, उसनी दिली. ती आजही तिथेच आहेत आणि मालकी राजघराण्याचीच.

रुलांड पुढे वायमारला संग्रहालयाचा प्रमुख होऊन गेला, तरी हे काम त्याने सोडलं नाही. १८७६ मध्ये त्याची सूची खाजगीरीत्या छापली गेली. आज हा संग्रह वापरायचा तर तीच किल्ली.

१२. हे सगळं घरबसल्या बघता येतं का?

येतं. २०१९ मध्ये अल्बर्टच्या जन्माला दोनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने त्याच्याशी संबंधित कागदपत्रं आणि छायाचित्रं आंतरजालावर आणायचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यात राफाएल संग्रहही आला. शोधताना चित्राचं इंग्रजी नाव टाका. एका विषयाखाली डझनावारी प्रतिमा आल्या तर गोंधळू नका, ५ मध्ये सांगितलेली मांडणी आठवा.

१३. आपल्याकडे असं काही झालं का?

राफाएलबाबत नाही, पण अजिंठ्याबाबत झालं. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथे मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्या लंडनला गेल्या आणि त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजींसारखे त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा कामाला लागले, आणि त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. एकाच ठिकाणी एकच नग ठेवण्याचं हे फळ. विंडसरकरांनी पसंत केलेल्या छापांच्या आणि फोटोंच्या प्रती इतरत्रही असायच्या.

खुद्द अल्बर्टला भेटायचं असेल तर भायखळ्याला जा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ ला उघडलं तेव्हा त्याचं नावच व्हिक्टोरिया-अल्बर्ट होतं. मॅथ्यू नोबलने घडवलेला अल्बर्टचा पुतळा आत आहे.

१४. आजोबांच्या ट्रंकेत राफाएलच्या मदोन्नाचं जुनं चित्र मिळालंय. मौल्यवान असेल का?

फोटो पाठवून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. बहुधा ड्रेस्डेनची 'सिस्टिन मदोन्ना' नाहीतर फ्लॉरेन्सची गोल चौकटीतली 'मदोन्ना देल्ला सेद्या' असते, कारण या दोन चित्रांइतकं फारच थोडं छापलं गेलं असेल.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. एकसारखे, ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ते यंत्रावरचं नंतरचं छापकाम, किंमत चौकटीची. रंगीत असून ठिपके वेडेवाकडे आणि वर वार्निशचा खडबडीत थर असेल तर ओलिओग्राफ, म्हणजे राजा रविवर्मा छापखान्याच्या घराण्यातलं. काळ्या बारीक रेषा असतील आणि चित्राभोवती कागद दबून चौकोनी कड उमटली असेल तर ते तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं. मग खाली कोपऱ्यात कोरलेली नावं वाचा. डावीकडे सहसा मूळ चित्रकाराचं, उजवीकडे कोरणाऱ्याचं. ठिपका नाही, रेष नाही, नुसता तपकिरी-पिवळट गुळगुळीत पृष्ठभाग असेल तर जुना अल्ब्युमेन फोटो, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा, असू शकतो. तसं असेल तर चौकटीतून ओढून काढू नका, सेलोटेप लावू नका, उन्हातल्या भिंतीवर टांगू नका. आणि मला पाठवताना मागच्या बाजूचाही फोटो पाठवा, कारण दुकानदाराचा शिक्का आणि पेन्सिलीतली नोंद तिकडेच असते.